वही तुमची, पोस्टर त्यांचं

प्रश्न : मी सक्करदऱ्यात राहते, शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी झाडीपट्टीतल्या (पूर्व विदर्भातल्या) एका नाटक कंपनीसाठी तीन अंकी नाटक लिहिलं. करारबिरार काही नाही. मालक घरी आले, चहा घेतला, फोनवरून आठ हजार पाठवले आणि संहितेची झेरॉक्स घेऊन गेले. यंदा तेच नाटक नाव बदलून लावलंय. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा स्टँडवरच्या पोस्टरवर लेखक म्हणून मालकांच्या भाच्याचं नाव! विचारलं तर म्हणतात, ‘‘मॅडम, पैसे घेतले ना? मग ते आमचं झालं.’’ माझ्याकडे तर एकही कागद नाही.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, कागद नाही म्हणून तुम्ही उगाच घाबरून राहिल्या. इथे कागद त्यांना दाखवावा लागेल. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नाटक लिहिलं की लिहिणाऱ्याचा हक्क तिथेच सुरू होतो, नोंदणी असो वा नसो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार आणि तुमची सही लागते (कलम 19). चहा आणि आठ हजारांवर नाटक विकलं जात नाही. फार तर, त्या हंगामातल्या प्रयोगांना तुमची हरकत नव्हती, एवढंच त्यातून निघेल. समजा सही केली असती आणि मुदत लिहायची राहिली असती, तरी कायदा ती पाच वर्षंच धरतो. लेखक म्हणून नाव लागण्याचा हक्क तर नाटक विकल्यावरही तुमचाच (कलम 57). भाच्याचं नाव त्यांना तिथेच नडणार.

गोष्ट काय आहे, ते मात्र तुम्ही लिहिलं नाही. दारुडा नवरा, सोशिक बायको आणि गावचा पाटील एवढंच सारखं असेल तर विसरा. कल्पनेवर कोणाची मालकी नसते. आर. जी. आनंद या नाटककाराचा खटला 1978 साली सर्वोच्च न्यायालयात याच मुद्द्यावर पडला : विषय एक, मांडणी वेगळी. तुमचे संवाद, प्रवेशांचा क्रम जुळला पाहिजे. (गाणी सिनेमाच्या चालींवर बसवली असतील, तर त्या चालींवर हक्क सांगायला जाऊ नका.)

पहिला खर्डा शोधा. खाडाखोड केलेली, समासात बाण काढलेली वहीच हवी. आधी ‘बाई’ लिहिलं, मग खोडून ‘माय’ केलं, हे लिहिणाऱ्याच्याच वहीत सापडतं. भाच्याकडे असली तर झेरॉक्स असेल. पैसे आल्याचा मेसेज पुसू नका. तारखेचा पुरावा म्हणून संहिता स्वतःलाच रजिस्टर पोस्टानं पाठवा, पाकीट उघडू नका, असं कोणीतरी सुचवेलच. कॉलेजात एका एकांकिकेसाठी मीही तो उद्योग केला होता. पाकीट अजून कपाटात आहे, बंदच. त्यापेक्षा दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयात ऑनलाइन अर्ज करा. नाटकाला फी 500 रुपये.

मग वकिलाची नोटीस. दावा लावायची वेळ आलीच, तर तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे नागपूरच्याच जिल्हा न्यायालयात लावता येतो (कलम 62). गडचिरोलीच्या वाऱ्या नकोत.

पण नोटिशीआधी पोस्टरचा फोटो काढा आणि एखाद्या मैत्रिणीला घेऊन प्रयोगाला बसा. मांडीवर तुमची संहिता, हातात पेन्सिल. जुळणाऱ्या प्रत्येक संवादावर खूण. तिकीट जपून ठेवा. प्रयोग पहाटेपर्यंत चालतो, स्वेटर न्या.