कोलॉइडल सिल्व्हर रोजच्या स्वयंपाकात घातलं तर चालेल का?

तुम्ही विचारलंय की सासूबाईंची प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून त्यांच्या वाटीभर वरणात रोज तीन चमचे कोलॉइडल सिल्व्हर, म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण तरंगत असलेलं पाणी, घालावं का, आणि वरण उकळताना त्याचा गुण जातो का. कृपा करून घालू नका. उकळतानाही नाही आणि वरूनही नाही.

मी ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स घेते. सिल्व्हर नायट्रेट या चांदीच्या क्षाराच्या द्रावणात मिठाच्या पाण्याचे दोन थेंब पडले की परीक्षानळीत दह्यासारखा पांढरा साका धरतो. चांदीचे आयन (विद्युतभार असलेले सुटे कण) आणि मिठातलं क्लोराइड भेटले की हे होणारच, आणि वरणात मीठ असतंच. शिवाय डाळीतली प्रथिनं आहेत, फोडणीतल्या लसूण-हिंगातलं गंधक आहे, तेही चांदीला धरून ठेवतं. अंड्याला लागलेला चांदीचा चमचा काळा पडतो तो गंधकामुळेच. साध्या पाण्यात चांदी जिवाणू मारते ती या सुट्या आयनांच्या जोरावर. वरणात ते बहुतेक अडकून पडतात. उकळल्याने धातू काही उडून जात नाही, त्यामुळे चांदी पोटात जायची ती जातेच. आणि वरणातले जिवाणू मारायला उकळी पुरेशी आहे.

प्रतिकारशक्तीचं म्हणाल, तर चांदी हे शरीराला लागणारं खनिजच नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने, १९९९ सालीच सांगितलं की कोलॉइडल सिल्व्हर असलेली औषधं कुठल्याही आजारावर सुरक्षित किंवा गुणकारी मानता येत नाहीत.

मला खरी काळजी वाटते ती पुढच्या गोष्टीची. हातमोजे न घालता सिल्व्हर नायट्रेट हाताळलं तर बोटावर लगेच काही दिसत नाही. उजेडात थोडा वेळ गेला की तिथे काळा डाग उमटतो, साबणाने जात नाही, वरची कातडी झडेपर्यंत राहतो. पोटातून गेलेली चांदी त्वचेच्या खालच्या थरात साठते आणि उन्हाने तशीच काळवंडते. तो थर झडत नाही. म्हणून उन्हात उघडे राहणारे चेहरा आणि हात सगळ्यात जास्त निळसर-राखाडी होतात आणि तसेच राहतात. याला अर्जिरिया म्हणतात. अमेरिकेतले पॉल कॅरासन घरी बनवलेलं चांदीचं पाणी कित्येक वर्षं पीत होते. त्यांचा चेहरा निळा पडला, तो २०१३ साली ते वारले तोवर निळाच होता.

आता तुमचे तीन चमचे मोजू. बाटलीवर २० पीपीएम लिहिलंय म्हणता, म्हणजे दर मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅम. पाच मिलिलिटरचे तीन चमचे म्हणजे ३०० मायक्रोग्रॅम. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने आयुष्यभर रोज घेण्यासाठी धरलेली मर्यादा आहे वजनाच्या दर किलोला ५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या बाईला २५०. तुम्ही एका वाटीतच ती ओलांडताय. घरातलं दहा किलोचं बाळ त्याच वाटीतून जेवलं तर त्याची मर्यादा त्यातल्या अर्ध्या चमचा चांदीच्या पाण्यातच संपते.

वर्ख लावलेली काजूकतली सणासुदीला खाल्ली तर घाबरू नका. तो धातूचा पापुद्रा बहुतांश तसाच बाहेर पडतो, आणि आपण तो रोज खात नाही. बाळाच्या उष्टावणाची चांदीची वाटीही खुशाल वापरा. धातूचं भांडं वेगळं आणि पाण्यात तरंगणारे अतिसूक्ष्म कण रोज गिळणं वेगळं.

सासूबाई थायरॉइडची गोळी घेतात असं तुम्ही शेवटी लिहिलंय, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. चांदीमुळे थायरॉक्सिन (थायरॉइडच्या गोळीतलं औषध) आणि काही अँटिबायोटिक्स अंगात नीट शोषली जात नाहीत. त्यांनी हे पाणी आधीच काही दिवस घेतलं असेल तर आज बंद करा आणि बाटलीच घेऊन डॉक्टरांकडे जा. जाण्याआधी दिवसाच्या उजेडात त्यांच्या हिरड्या आणि नखांची मुळं बघा. निळसर झाक बऱ्याचदा तिथे आधी दिसते.