खोडावरच्या अळंब्याला ‘कंस-कवक’ म्हणावं का?

विचारणा अशी आहे: ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलवाटेवर एका खोडातून फळीसारखं, लाकडाइतकं टणक काहीतरी बाहेर आलेलं दिसलं. इंग्रजीत त्याला ‘ब्रॅकेट फंगस’ म्हणतात, तर मराठीत ‘कंस-कवक’ चालेल का? आणि युरोपात यापासून आग पेटवत आणि टोप्या करत, हे खरं का?

‘कंस-कवक’ कृपया नको. या नावातलं ब्रॅकेट म्हणजे भिंतीतल्या फळीला खालून दिलेला आधार, लिखाणातलं चिन्ह नव्हे. शिवाय मराठीत या वस्तूला नाव आहे, तेही कोकणात वापरातलं: फणसांबा. फणसाच्या खोडावर येतं ते फणसअळंबे, आणि त्याचंच बोलण्यात झिजलेलं रूप फणसांबा, असं मला वाटतं. साखरांबा, गुळांबा यांच्या रांगेत बसवून अनेकजण त्यात आंबा शोधतात. पण साखरांब्यात खरोखर आंबा असतो, इथे अळंबे आहे.

हा फणसांबा बाळाच्या औषधांत मोडतो. सहाणेवर पाण्यात उगाळायचा आणि तोंड आलेल्या किंवा फार लाळ गळणाऱ्या मुलाच्या हिरड्यांना तो लेप लावायचा, ही जुनी रीत. जुलाब आणि आवेवर तो पोटातही देत. काष्ठौषधी विकणाऱ्याकडे याच नावाने मागावा. अभ्यासक त्याला फेलिनस वंशात धरतात, पण फणसांबा म्हणून मिळणारा प्रत्येक तुकडा एकाच जातीचा असतो असं नाही. म्हणूनच येऊरला कुठल्याशा झाडावरून खरवडून आणलेलं काही बाळाला उगाळून देऊ नका, ही कळकळीची विनंती.

आता झाड फणसाचं नसेल तर? तिथे ‘फणसांबा’ ओढूनताणून लावू नये. ‘भूछत्र’ तर अजिबात बसत नाही: हे जमिनीतून येत नाही आणि त्याला छत्रीही नसते. ‘कुत्र्याची छत्री’ही त्याच कारणाने बाद. ‘बुरशी’ म्हटलं की शिळ्या पावावरची डोळ्यांसमोर येते. ‘कवक’ जुना शब्द आहे, मनुस्मृतीत लसूण-कांद्याबरोबर वर्ज्य म्हणून ‘कवकानि’ येतात, आणि तिथे त्याचा अर्थ अळंबी असाच आहे. पण आज शास्त्रीय मराठीत तो या साऱ्या सृष्टीचं नाव झाला आहे, यीस्टही कवकच. उरतं अळंबे. श्रावणाच्या आगेमागे आदिवासी बायका पानात बांधून विकायला आणतात ती वारुळावरची मऊ अळंबी, आणि हे लाकडावरचं टणक खोडअळंबे. ‘खोडअळंबे’ ऐकताच कळतं आणि फणसअळंब्याच्या घडणीतच बसतं, म्हणून मी तोच शब्द सुचवेन. (एक अळंबे, अनेक अळंबी. ‘ती अळंबी’ असा एकवचनी स्त्रीलिंगी वापरही कानावर येतो, त्याला चूक म्हणू नये.)

युरोपातली गोष्ट खरी आहे, फक्त ते अळंबे वेगळं. भूर्ज आणि बीच या थंड मुलखातल्या झाडांवर येणारं ते फोमेस फोमेंटेरियस. लॅटिनमध्ये ‘फोमेस’ म्हणजे ठिणगी धरणारी वस्तू. आपल्याकडे चकमक आणि गारेबरोबर कापूस ठेवत, तेच काम हे अळंबे करी. वरचं कठीण कवच आणि खालचा नळ्यांचा थर काढून टाकायचा, मधला तपकिरी गाभा भिजवून कुटून कुटून मऊ करायचा, आणि बहुधा सोऱ्याच्या पाण्यातून काढून वाळवायचा. त्यावर ठिणगी पडली की ज्वाळा न होता ते धुमसत राहतं. 1991 साली आल्प्समधल्या बर्फात सापडलेल्या, सुमारे 5,300 वर्षांपूर्वीच्या ओत्झी या माणसाच्या कमरेच्या पिशवीत हे अळंबे होतं. त्याच्याजवळ भूर्जावरच्या दुसऱ्याच एका अळंब्याचे तुकडेही चामड्याच्या पट्टीत ओवलेले मिळाले. ते औषधासाठी असावेत असा तर्क आहे. फोमेसचा हाच कुटलेला गाभा शल्यवैद्य जखमेचं रक्त थांबवायला दाबून धरत. आणि रुमानियात ट्रान्सिल्व्हेनियातले कारागीर तो हाताने ताणून ताणून त्याच्या टोप्या करतात, आजही.

या शब्दाच्या आणखी एका वापराबद्दल, विचारलेलं नसलं तरी. ठाण्यात आणि नवी मुंबईत रस्त्याकडेच्या गुलमोहराच्या बुंध्याशी गॅनोडर्मा हे चकचकीत तांबूस खोडअळंबे दिसतं. ते बाहेर आलं म्हणजे मूळ आणि बुंधा आतून कुजू लागले आहेत; नुसतं खरवडून काही होत नाही, कारण त्याचे तंतू लाकडात असतात. अशा झाडाची तक्रार करताना ‘झाडाला बुरशी लागली आहे’ एवढंच लिहिलं, तर वाचणारा पानांवरचा रोग समजेल. ‘बुंध्याशी फळीसारखं टणक अळंबे आलं आहे, खोड आतून कुजलं असावं’ असं लिहा, आणि फोटो जोडा.