सर्दी-खोकल्यात घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन-तीन गोळ्या घेतल्या तर काय बिघडतं?

बरंच बिघडतं. सर्दी, फ्लू आणि बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते. अँटिबायोटिक चालतं जिवाणूंवर. म्हणजे सर्दीला फायदा शून्य, आणि मार बसतो आतड्यातल्या निरुपद्रवी जिवाणूंना. त्यातले कच्चे मरतात, औषधाला दाद न देणारे उरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत वाढतात. त्याहून वाईट म्हणजे प्रतिकाराची जनुकं ते प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यांमधून दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनाही देतात. पुढे कधी लघवीच्या मार्गाचा संसर्ग झाला की नेहमीची गोळी लागू न पडण्याची भीती असते, मग कधी कधी शिरेतून औषध द्यावं लागतं. २०१९ साली जगभरात अंदाजे १२.७ लाख मृत्यू थेट अशा प्रतिकारामुळे झाले. हा आकडा मला फार अस्वस्थ करतो.

अ‍ॅमॉक्सिसिलिन या नेहमीच्या अँटिबायोटिकचं रक्तातलं प्रमाण साधारण तासाभरात निम्म्यावर येतं, म्हणून ते बहुधा दर आठ तासांनी देतात. आठवेल तेव्हा घेतलेल्या गोळ्यांनी ते पुरेसं टिकतच नाही.

धाप लागली, ताप उतरून पुन्हा चढला किंवा तीन-चार दिवसांत हटला नाही, तर डॉक्टरांकडे जा. कल्चर तपासणी (नमुन्यातले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून ओळखणं) सांगितली तर नमुना पहिल्या गोळीआधी द्या. नंतर दिला तर प्रयोगशाळेत जिवाणू कदाचित वाढत नाहीत आणि अहवाल फसवा येऊ शकतो.