‘प्रथिने उत्क्रांत केली’ असे म्हणावे का?

‘जनुक संपादनाची साधने वापरून शास्त्रज्ञांनी जिवंत जीवाणूंमध्ये प्रथिने उत्क्रांत केली’ हे वाक्य एका वाचकाला खटकले आहे. उत्क्रांती होत असते, ती कोणी ‘करतो’ कशी, अशी त्यांची शंका आहे.

व्याकरणाची हरकत टिकत नाही. ‘उत्क्रांत’ हे ‘उद् + क्रम्’ यापासून झालेले कृदन्त आहे. त्याचा मूळ अर्थ वर किंवा बाहेर जाणे असा असून, अंत्यकाळी दान द्यायच्या गायीला ‘उत्क्रांतिधेनू’ म्हणतात ते त्यामुळेच. (डार्विनच्या सिद्धान्ताला आपण हाच शब्द दिला, हा योगायोग गमतीचा खरा.) ‘शांत’, ‘क्रुद्ध’ ही कृदन्तेही अकर्मक धातूंचीच आहेत आणि त्यांना ‘करणे’ बिनतक्रार लागते.

अडचण आहे ती कर्त्याची. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये मांडलेली ‘इव्हॉल्व्हर’ ही पद्धत पाहा. तिच्यात डीएनए कापणारे कॅस-९ हे प्रथिन, दोन धाग्यांपैकी एकच कापू शकेल असे बदलून, डीएनएची नक्कल करणाऱ्या पण वारंवार चुकणाऱ्या ‘डीएनए पॉलिमरेज’ या प्रथिनाला जोडलेले असते. मार्गदर्शक आरएनए ही जोडी ई. कोलाय जीवाणूतील ठरावीक जनुकापाशी नेतो, तेथे एका धाग्याला खाच पडते, आणि त्या खाचेपासून पुढचा, जास्तीत जास्त सुमारे ३५० अक्षरांचा मजकूर पॉलिमरेज चुका करत नव्याने लिहितो. त्या पट्ट्यातील उत्परिवर्तनाचा, म्हणजे जनुकातील बदलांचा, वेग नेहमीच्या ७७ लाख पटींपर्यंत वाढवता आला. पेशीत प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमच्या एका प्रथिनाच्या जनुकावर हा प्रयोग करून जीवाणू स्पेक्टिनोमायसिन या प्रतिजैविकात वाढवले, तेव्हा जे तगले त्यांच्यात या औषधाला दाद न देणारे, पूर्वी ठाऊक नसलेले बदल सापडले.

यात संशोधकाने जागा नेमली आणि कसोटी लावली. कोणता बदल व्हावा हे मात्र त्याने ठरवले नव्हते. विरजण आपण लावतो, दही मात्र लागते. मराठीने हा भेद क्रियापदातच राखला आहे. म्हणून ‘उत्क्रांत केली’ अशुद्ध नसले तरी मला ते ढोबळ वाटते आणि ‘उत्क्रांती घडवून आणली’ हे अधिक नेमके वाटते. फ्रान्सिस अर्नोल्ड यांना २०१८ चे रसायनशास्त्राचे नोबेल ज्या कामासाठी मिळाले, त्याला ‘निर्देशित उत्क्रांती’ म्हणतात, तेही याच अर्थाने चपखल बसते.

माझा खरा आक्षेप ‘संपादन’ या शब्दावर आहे. संपादक हव्या त्या जागी हवा तोच शब्द घालतो. येथे जागा तेवढी नेमकी असून मजकूर दैवावर सोडलेला आहे. साधने जनुक संपादनाची असली तरी क्रिया संपादनाची नाही. त्यामुळे मी ते वाक्य असे लिहीन: ‘जनुक संपादनाची साधने वापरून शास्त्रज्ञांनी जिवंत जीवाणूंमध्ये निवडक जनुकांत यादृच्छिक बदल होऊ दिले आणि त्यांतून प्रथिनांची उत्क्रांती घडवून आणली.’ वाक्य लांबते, हे मान्य.