रेफ्युजियममध्ये जिवंत खाद्य सोडण्याआधी

खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी मँडरिन मासा घ्यायची घाई करू नकोस. आधी त्याच्या जेवणाची, म्हणजे कोपेपॉड या बारीक कवचधारी जिवांची, सोय बघ. रेफ्युजियममध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या, मासे नसलेल्या छोट्या टाकीत) कीटोमॉर्फा शेवाळाचा मूठभर गुंता आणि थोडे लाइव्ह रॉकचे (जिवाणू वसलेल्या सच्छिद्र दगडाचे) तुकडे टाक. कोपेपॉडना लपायला आणि वाढायला एवढं पुरतं. टिस्बे जातीचे घे. ते आकाराने बारीक, तळाशी चिकटून राहणारे आणि भराभर वाढणारे. टिग्रिओपस जातीचे मोठे असतात, माशांना आवडतातही, पण दगडांत लपण्यापेक्षा पोहतच जास्त राहतात, त्यामुळे लगेच फस्त होतात.

कोपेपॉडची बाटली आली की तिचं तापमान आणि खारटपणा टाकीच्या पाण्याशी जुळवून घे. रात्री दिवे बंद झाल्यावर सोड, रिटर्न पंप (पाणी मुख्य टाकीत परत नेणारा) तासभर थांबव. पाणी निर्जंतुक करणारा यूव्ही दिवा काही दिवस बंदच ठेव, फिल्टर सॉकही (पाणी गाळणारी पिशवी) काढ, नाहीतर पैसे सॉकमध्ये. कोपेपॉडना खायला थोडं फायटोप्लँक्टन (पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ) दे. पाणी हिरवं दिसेपर्यंत ओतायचं नाही, नायट्रेट वाढतं. रेफ्युजियमचा दिवा मुख्य टाकीच्या उलट वेळेला लाव, रात्री पीएच कमी घसरतो.

महिना-दोन महिन्यांनी अंधारात काचेवर टॉर्च मार. पांढरे ठिपके झटक्याझटक्याने सरकताना दिसले, तेही दर वेळी, तर मग माशाचं बोलू. आणि रेफ्युजियममध्ये मासा? एकही नको, छोटासुद्धा.