गेलो एका स्वेटरला, आलो तीन जॅकेटं घेऊन

प्रश्न : ताई, कपड्याच्या एका दुकानाची पानभर जाहिरात होती. बर्फात उभं हसरं कुटुंब, ‘५०% पर्यंत सूट’, ‘दोन घ्या, एक मोफत’, ‘फक्त रविवारपर्यंत’. बायकोला एक स्वेटर हवा होता, आम्ही तीन जॅकेटं घेऊन आलो. जाहिरातीने नेमकं काय केलं? आणि तिसरं जॅकेट परत देता येईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दादा, माझी उमेदीची वर्षं कपड्याच्या काउंटरमागेच गेली, म्हणून आतलं सांगते. आपल्याकडे खरा गारठा जेमतेम दोन महिने. दुकानदाराने लुधियानाच्या मालाची ऑर्डर मात्र उन्हाळ्यातच दिलेली असते. थंडी पडली नाही तर पैसे वर्षभर गोणीत. संक्रांतीपर्यंत रॅक रिकामे करायची घाई त्याची असते. ‘फक्त रविवारपर्यंत’ लिहून ती तुमच्या गळ्यात घातली जाते. निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की त्याच आठवड्यात पानभर जाहिरात पडते. बर्फही त्यासाठीच. नाशकात कुठला आलाय बर्फ! पण तो बघून अंगातलं जर्किन पातळ वाटायला लागतं.

आता तुमची तीन जॅकेटं. समजा १,८००, १,५०० आणि ९०० रुपयांची. मोफत मिळतं ते सगळ्यात स्वस्त, म्हणजे ४,२०० च्या मालाला तुम्ही ३,३०० मोजले. सूट पडली २१ टक्क्यांच्या आसपास. तिन्ही एकाच किमतीची असती तरी ३३ च्या वर गेली नसती. डोक्यात मात्र ५० चा आकडा बसलेला. ते ‘पर्यंत’ बारीक अक्षरात असतं, आणि पन्नास टक्के मिळतात ते बहुधा गेल्या वर्षीच्या उरलेल्या रंगांवर, नाहीतर कुणालाच न बसणाऱ्या साइजवर.

पोस्टरवर ‘वूलन’ लिहिलेलं असलं तरी आतल्या शिवणीतली पट्टी वाचा. बऱ्याचदा निघतं अॅक्रिलिक. ते वाईट नाही. हलकं असतं, घरी धुता येतं, कसर लागत नाही. फक्त लोकरीचा भाव देऊ नका. वहिनी सकाळी स्कूटरवरून जात असतील तर जाड स्वेटरपेक्षा साध्या स्वेटरवर वारा अडवणारं पातळ जॅकेट जास्त कामाचं. हे जाहिरातीत कोण सांगणार?

घाई नसेल तर जानेवारीच्या मध्यावर जा. भाव उतरलेले असतात, मात्र मधल्या साइज संपलेल्या असतात. मुलांचे कपडे तेव्हा एक साइज मोठे घेऊन ठेवावेत.

जाहिरातीतला माल त्या भावात दुकानात नसेलच, तर गप्प बसू नका. गिऱ्हाईक ओढण्यापुरत्या अशा जाहिरातींवर केंद्राचे २०२२ चे नियम आहेत. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

परत देण्याचं म्हणाल तर, जॅकेटमध्ये दोष असेल तर दुकानदाराला ते नाकारता येत नाही, बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलेलं असलं तरी; फक्त बिलावरच्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत जा. २०१९ च्या ग्राहक कायद्यात तशी सोय आहे. नुसता विचार बदलला असेल तर सगळं दुकानाच्या अटींवर, आणि मोफतचं एकटं बहुतेक कुणी घेत नाही. बदलून मागा, तुमचा मूळ स्वेटर अजून राहिलाच आहे ना! टॅग काढू नका, बिल बरोबर न्या, आणि रविवार टाळून सोमवारी सकाळी जा. तेव्हा काउंटरवरचा माणूस ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत असतो.