एफडीला दरवर्षी हप्ता नसतो

प्रश्न: मी बेळगावच्या अनगोळला राहतो. वय ४३, उद्यमबागेतल्या फौंड्रीत सुपरवायझर. हातात ४६ हजार येतात, पत्नीच्या शिवणकामाचे सहा हजार. मुलगी नववीला, मुलगा पाचवीला. घरकर्ज ९ लाख बाकी, व्याज पावणेनऊ टक्के, हप्ता साडेतेरा हजार. हॉलमध्ये टीव्हीचे लाकडी युनिट करायचे आहे. दहा बाय आठच्या पूर्ण भिंतीला सुताराने सागवान धरून १ लाख २५ हजार सांगितले. खानापूरकडून माल स्वस्तात आणतो म्हणतो, पण बिल मिळणार नाही. दुकानात तयार युनिट १८ हजारांना आहे. क्रेडिट सोसायटीत रोज १०० रुपयांची पिग्मी (रोजची बचत ठेव) आहे, ७० हजार जमलेत, दिवाळीला मुदत संपते. शिवाय मुलीच्या शिक्षणासाठी बँकेत वर्षाला ६० हजारांची एफडी करतो. जुलै २०२४ पासून दोन भरल्या. दहा वर्षे भरायचे, विसाव्या वर्षी १२ लाख मिळतात. पुढच्या महिन्यात तिसरी भरली की कधीही काढता येते, असे बँकेत सांगितले. ते १ लाख ८० हजार काढून चतुर्थीआधी युनिट करावे का? सागवान घ्यावे की प्लाय? (कागदाचा फोटो जोडला आहे.)

उत्तर: प्लाय घ्या. ते कसे आणि किती, हे खाली सांगतो. त्याआधी तो फोटो पाहू, कारण युनिट ज्या पैशांतून करणार आहात ते पैसे तिथे नाहीत.

एफडीत पैसे एकदाच ठेवायचे असतात. दहा वर्षे हप्ता आणि विसाव्या वर्षी रक्कम, ही विमा पॉलिसी झाली. बँकेच्या टेबलावर विकली गेली म्हणून ती ठेव होत नाही. फोटोत विमा रक्कम ६ लाख दिसते, हप्त्याच्या बरोबर दहापट. मिळणारी रक्कम करमुक्त राहायला निदान तेवढे संरक्षण लागते, म्हणून तेवढेच दिले आहे. तुमच्या घराला किती लागेल हे कोणी मोजलेले नाही. कर्जच ९ लाखांचे आहे. उद्या तुम्हाला काही झाले तर ६ लाख येतील, ते कर्जात जातील आणि वर ३ लाख देणे उरेल. मुलांच्या शिक्षणाला शून्य.

‘दुप्पट’ या शब्दाला भुलू नका. ६ लाख भरून १२ लाख मिळतात, पण वीस वर्षांनी. पहिला हप्ता वीस वर्षे अडकतो, शेवटचा अकरा, सरासरी साडेपंधरा. पैसे दुप्पट होण्याचा दर काढायला ७२ला साडेपंधराने भागा, वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास येते. पीपीएफ ७.१ टक्के देते आणि तुम्ही स्वतः घरकर्जावर पावणेनऊ टक्के मोजता. पावणेनऊने उसने घेऊन साडेचारने ठेवायचे, असा हा व्यवहार आहे. त्यातही नाव मुलीच्या शिक्षणाचे. पॉलिसी २०४४ मध्ये पिकेल. तेव्हा मुलगी बत्तीस-तेहतीस वर्षांची असेल. तिचे पीयूसीचे दुसरे वर्ष, म्हणजे बारावी, चार वर्षांत संपते. हे गणित विकणाऱ्याला येत नव्हते असे मी मानत नाही.

आता ‘तिसरा भरला की काढता येतो’ याबद्दल. काढता येतो, पण किती? तुमची पॉलिसी १ ऑक्टोबर २०२४ च्या आधीची आहे, म्हणजे तिला सरेंडरचे (मुदतीआधी पॉलिसी सोडण्याचे) जुने कोष्टक लागू. त्यात हमी एवढीच: दुसऱ्या वर्षात सोडली तर भरलेल्या रकमेच्या ३० टक्के, तिसऱ्यात ३५, चौथ्यापासून सातव्यापर्यंत ५०. आज सोडलीत तर १ लाख २० हजारांचे ३६ हजार. तिसरा हप्ता भरून सोडलीत तर १ लाख ८० हजारांचे ६३ हजार. म्हणजे आणखी ६० हजार टाकायचे आणि २७ हजार वाढवून घ्यायचे. कंपनी हमीपेक्षा जास्त देऊ शकते, पण १ लाख ८० हजार देणार नाही. सुताराला १ लाख २५ हजारांचा शब्द देऊन बसला असता तर निम्म्यातच अडकला असता.

मग करायचे काय? तिसरा हप्ता भरू नका आणि सरेंडरही करू नका. दोन पूर्ण वर्षांचे हप्ते भरलेत, त्यामुळे पॉलिसी ‘पेड-अप’ होऊ शकते. हप्ते बंद होतात, विमा आणि शेवटची रक्कम भरलेल्या प्रमाणात उरते. विमा रकमेच्या दोन-दशांश धरले तरी २०४४ ला १ लाख २० हजार. आज हातात येणारे ३६ हजार अठरा वर्षांत १ लाख २० हजार करायचे तर वर्षाला जवळपास सात टक्के मिळवावे लागतील. म्हणजे तोडून फार काही साधत नाही. कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आजची सरेंडर किंमत आणि पेड-अप केल्यास २०४४ ची रक्कम. सरेंडर किंमत भरलेल्याच्या सत्तर टक्क्यांपुढे गेली तर मात्र तोडा आणि पैसे कर्जात भरा. पुढचे आठ हप्ते भरत राहिलात तर त्या ४ लाख ८० हजारांवर पाच ते पावणेसहा टक्केच सुटतात, म्हणून ‘आता भरलेच आहेत तर भरू’ हा विचार सोडा.

पॉलिसी परत करण्याची मुदत कधीच गेली. तरीही कंपनीकडे आणि बँकेकडे लेखी तक्रार करा: एफडी म्हणून विकली, मुदत सांगितली नाही. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर एका वर्षाच्या आत बेंगळुरूच्या विमा लोकपालांकडे जा, तिथे फी नाही. पण अर्जावर तुमची सही आहे आणि पडताळणीच्या फोनवर ‘सगळ्याला हो म्हणा’ असे कोणीतरी सांगितलेले असणार. ‘एफडी’ लिहिलेला एखादा मेसेज किंवा चिठ्ठी जवळ असेल तर तक्रारीत जोर येतो, नुसत्या तोंडी सांगण्यावर फार आशा ठेवू नका.

या वर्षीचे ६० हजार मोकळे झाले. त्यातले साधारण २० ते २५ हजार साध्या मुदत (टर्म) विम्याला: ७५ लाखांचे संरक्षण, वयाच्या साठीपर्यंत. शेवटी काही परत मिळत नाही, म्हणूनच तो स्वस्त असतो. ‘हप्ते परत मिळणारा’ प्रकार कोणी पुढे केला तर नको म्हणा. अर्जात तंबाखूचा प्रश्न असतो. निपाणीच्या पट्ट्यात चिमूटभर तंबाखूला कोणी व्यसन धरत नाही, पण विमा कंपनी धरते. खात असाल तर तसे लिहा, हप्ता वाढेल. लपवलेत तर दावा अडकेल आणि तो सोडवत बायको फिरेल.

उरलेले ३५-४० हजार आणीबाणीसाठी. सध्या तुमची सगळी शिल्लक सोसायटीत आहे. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत ठेव विमा असतो, सोसायटीतल्या ठेवीला तो नसतो. बेळगावात अध्यक्ष ओळखीचे असतात, एजंट रोज दारात येतो, म्हणून भरवसा वाटतो. पण ऑर्डरी कमी होऊन फौंड्रीतल्या शिफ्ट घटल्या तर लागणारा पैसा ओळखीवर ठेवण्याचा नाही. दिवाळीला पिग्मी पिकली की ४० हजार बँकेत हलवा आणि ३० हजार युनिटला ठेवा. आत्ता मोडलीत तर व्याज जाते, वर कापून घेतात. पुढच्या वर्षापासून विम्यानंतर उरेल ते मुलीच्या नावाने महिना ३ हजारांच्या आवर्ती ठेवीत. तीन वर्षांत सुमारे १ लाख २० हजार होतात. सगळी फी त्यात निघणार नाही, पण प्रवेशाच्या दिवशी हात रिकामा नसेल.

आता युनिट. पूर्ण भिंत कशाला? भिंतभर चौकट करून मधे टीव्हीचा कोनाडा ठेवतात आणि टीव्ही बदलला की तो कोनाडा वाया जातो. ४३ इंची टीव्ही साधारण ३८ इंच रुंद, ५५ इंची साडेअठ्ठेचाळीस. टीव्ही भिंतीला टांगा, पडद्याचा मध्य जमिनीपासून ४२ इंचांवर, आणि खाली बुटके युनिट करा: ६ फूट लांब, दीड फूट उंच. खोली १६ इंच न ठेवता पावणेसोळा ठेवा. आठ बाय चारच्या शीटच्या चार फुटांतून करवतीची धार धरून तीन पट्ट्या तेवढ्याच निघतात. सुतार सोळा धरतो, तिसरी पट्टी कमी पडते आणि जास्तीची शीट तुमच्या माथी येते.

माल असा: १८ मिमी प्लायच्या दोन शीट (एकात सांगाडा, दुसऱ्यात दारे, ड्रॉवर आणि बैठक), पाठीला आणि ड्रॉवरच्या तळाला ६ मिमीची एक, बाहेरून १ मिमी सनमायका दोन, आतून पातळ लायनर दोन, एज बँड (कडांची पट्टी), ड्रॉवरला १४ इंची टेलिस्कोपिक चॅनेलच्या दोन जोड्या, चार बिजागऱ्या, फेव्हिकॉल, स्क्रू. सगळे १७-१८ हजारांत बसते. सुतार आणि मदतनीस मिळून सहा दिवस, १० हजार. दुकानागणिक आणि सुतारागणिक दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे. माल स्वतः जाऊन घ्या, बिल घ्या. प्रत्येक शीटवर आयएसआय शिक्का आणि ३०३ हा क्रमांक बघा, शेजारी बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारे) हवे. दुकानदार ७१० म्हणजे मरीन प्लाय गळ्यात मारेल. तो सिंकखाली लागतो, हॉलला नाही.

बिघडते ते बहुधा तीन-चार ठिकाणी. सहा फुटांची वरची फळी मधे आधार न देता ठेवली तर वर्षभरात झोळते, म्हणून दर दोन फुटांवर उभी पट्टी. तळ थेट फरशीला टेकवला तर पुसण्याचे पाणी कडेने शिरते, म्हणून चार इंच बैठक आणि खालची कडही बंद करून घ्या. तयार १८ हजारांच्या युनिटात भुश्याचा बोर्ड असतो, तो एकदा फुगला की खाली बसत नाही. पश्चिमेची भिंत पावसात ओल धरत असेल तर पाठ भिंतीपासून इंचभर लांब. सेट टॉप बॉक्स आणि राउटर तापतात, त्यांच्या मागे तीन इंची भोक. टीव्हीपासून खालपर्यंत दोन इंची पाइप भिंतीत आधीच टाकून घ्या, मागून वायरी लोंबत राहणार नाहीत. टीव्हीचा ब्रॅकेट भिंतीत ठोका, प्लायमध्ये नको.

सागवान ‘विकले तरी पैसे परत येतात’ असे सुतार म्हणाला असेल. खिळे मारलेल्या दोन-तीन फुटी तुकड्यांना कोणी सागवानाचा भाव देत नाही. आणि बिलाशिवायचे खानापुरी सागवान तर नकोच. वनखात्याच्या परवान्याशिवाय ते वाहून नेले तर वाटेत जप्त होते आणि आगाऊ दिलेले पैसे सुतार परत करत नाही.

चतुर्थीआधी घाई करू नका. त्या दिवसांत सुतार मिळत नाही, मिळाला तर दर चढा सांगतो. भर पावसात ओलसर प्लायवर चिकटवलेला सनमायका पुढे फुगतो. दिवाळीनंतर करा.

आत्ता घाई आहे ती विम्याची. मुदत विम्याचा अर्ज या आठवड्यात भरा, वैद्यकीय तपासणीला दोन-तीन आठवडे जातात. ती पॉलिसी हातात पडल्यावरच जुनीचा हप्ता थांबवा. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, तेवढा वेळ पुरतो. फक्त बँकेला ऑटो डेबिट बंद करण्याचे पत्र हप्त्याच्या तारखेआधी आठ दिवस द्या आणि शिक्क्याची पोच घ्या, नाहीतर जुलैत ६० हजार आपोआप जातील.